पंधरा वर्षांच्या मुलाला केंद्र घेत नाही, तेव्हा काय करायचं?

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. भाचा पंधराचा, पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर घेऊन ओढतो. तीन व्यसनमुक्ती केंद्रांनी 'अठराच्या खालचा घेत नाही' म्हणून फोन ठेवला. चौथा म्हणाला, 'गाडी पाठवतो, सहा महिने भेटायचं नाही.' हा चौथा आधी डोक्यातून काढा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ सांगतो की अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि पालक किंवा नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ त्याच्याजवळ राहायची. म्हणूनच बरीच केंद्रं नकोच म्हणतात. 'भेटायचं नाही' म्हणणारा तर कायद्याच्या बरोबर उलट सांगतोय.

मी बारा वर्षं अशा केंद्रात समुपदेशक होतो. एकदा सोळाचा एक मुलगा आम्ही चाळिशीतल्या दारूवाल्यांच्या गटात बसवला होता. दुसरी खोलीच नव्हती. ते बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं सांगत होते आणि हा खिडकीतून खालच्या पोरांचं क्रिकेट बघत होता. आठवड्याने मला विचारतो, 'सर, ब्राउन शुगर नेमकी कशी ओढतात?' आमच्याच गटात ऐकलं होतं त्याने.

तुमचा भाचा काही एकटा नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वयात १.१७ टक्के निघालं. एवढ्या सगळ्या नशांत मुलं मोठ्यांच्या पुढे असलेली ही एकच. आणि खाटा सगळ्या मोठ्यांच्या!

पण खरं सांगू? त्याला बहुतेक खाट लागणारच नाही. सोल्युशन सोडवायला वेगळं औषध नाही. लागतं ते दर आठवड्याला कुणीतरी त्याच्याशी आणि आईशी बोलणं, शाळा सुटू न देणं, सोबत असलेली उदासी किंवा चंचलपणा तपासणं. हे सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत होतं. केसपेपर काढायला आधार कार्ड न्या, ट्यूबही सोबत न्या, डॉक्टरांना त्यात काय आहे ते वाचता येईल. मात्र दारू किंवा झोपेच्या गोळ्याही रोज चालू असतील तर घरी एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगा.

एक गोष्ट आजच बहिणीला कळवा. तो ओढत असताना आरडाओरडा नको, मारणं नको, मागे पळणं तर नकोच. त्या वाफेने हृदय इतकं हळवं होतं की दचकून किंवा धावताना ठोके बिघडून मुलगा जागीच जाऊ शकतो, अगदी पहिल्यांदा ओढणारासुद्धा. फडकं हळूच काढून घ्यायचं, खिडकी उघडायची, जवळ बसायचं. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर. (मुलांच्या खिशातले रुमाल कडक का होतात हे आमच्याकडे येणाऱ्या आयांना आधी धुण्यात कळायचं, मग नाकाला.)

ओपीडीला जायला तो तयार नसेल तर बहिणीने एकटीने जावं, तेही चालतं. तोवर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलतात. व्यसनासाठीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.

शक्यतो सोमवारी जाऊ नका, रविवारची सगळी गर्दी त्या दिवशी येते. आणि डॉक्टरांनी खरंच भरती करायला सांगितलं तर केंद्राला एकच विचारा: रात्री याच्या खोलीत कोण असेल? उत्तर इथे लिहा, मग पुढचं बघू.