भाडेकरू असलेला जुना फ्लॅट विकत घेण्याआधी काय काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीत 22 वर्षं जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके आहे, भाडेकरू राहतोय, भाडं चालूच राहील म्हणून घ्यायचाय, आणि एजंट म्हणतोय घर टकाटक आहे, नुकताच रंग दिलाय. मी याच पट्ट्यात वॉटरप्रूफिंगची कामं घेतो, त्यामुळे 'नुकताच रंग दिलाय' म्हटलं की मला आधी शंका येते. भाडेकरू राहत असताना कुठला मालक हौसेनं रंग लावून देतो हो?

सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरची बेल वाजवा. खरंच. तुमच्या बाथरूमची गळती बहुतेक वेळा तुमच्या घरात दिसत नाही, ती दिसते खालच्यांच्या छताला. त्यांनी बाथरूममध्ये पीव्हीसीचं सिलिंग मारलेलं असेल तर कशासाठी मारलं विचारा, काकू सगळा इतिहास सांगतील, कधीपासून गळतंय, वरच्या मालकाला किती फोन केले, तो कसा टोलवतो. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटवाल्याचा, म्हणजे खरेदीनंतर तुमचा. फरशी फोडा, नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळीखालची वाटी) बदला, नवीन कोबा (सिमेंटचा पाणी अडवणारा थर) करा, वर टाइल्स लावा, आठवडाभर तरी बाथरूम बंद, आणि घरात दुसरं बाथरूम नसेल तर भाडेकरू तेवढे दिवस जाणार कुठे? भाडं कापून मागेल नाहीतर सरळ सोडून जाईल.

मग भाडेकरूशी बोला, मालक आणि एजंट शेजारी नसताना. सकाळचं पहिलं पाणी लालसर येतं का (येत असेल तर बहुतेक जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप आतून गंजलेत), पावसात कुठली भिंत ओली होते, गीझर लावला की एमसीबी (लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो का. पण घर विकलं की आपल्याला काढतील या भीतीनं काही जण मुद्दाम रडगाणं वाढवून सांगतात, तेव्हा ऐका सगळं, भिंती मात्र स्वतः बघा.

भिंती म्हणजे हॉलमधल्या नाही. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, तीही कपाट जरा सरकवून, खालून दोन-तीन फूट. बाकी रंग जुना आणि तेवढाच पट्टा नवा असला की समजून जा. हात फिरवा, पांढरी भुकटी लागली तर लोणा आहे, म्हणजे ओलीमुळे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, बोटानं ठोकल्यावर बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. भिंतीच्या या लोण्याचं एक वेळ निभावून नेता येतं, पण छताला किंवा बाल्कनीच्या बीमला सरळ रेषेत भेग गेली असेल तर जपून, आत सळई गंजलेली असू शकते. गंजली की ती फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते, त्यावर कितीही पुट्टी भरा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत भेग परत हजर. बाथरूमच्या दाराची चौकट लाकडी असेल तर खालच्या टोकाला किल्ली टोचून बघा, भुसभुशीत लागली तर वाळवी किंवा कुजलेलं लाकूड.

आता सोसायटी. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, करायचं असतं. तो रिपोर्ट, शेवटच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीनं साठवलेल्या पैशात) शिल्लक किती, हे मालकाला सोसायटीकडून मागवून घ्यायला सांगा, तो सभासद आहे. फंड रिकामा आणि ऑडिटमध्ये मोठी दुरुस्ती निघाली असेल तर वर्गणी तुमच्याच माथी. एजंट 'दोन-चार वर्षांत रीडेव्हलपमेंट होणार' असं गोड बोलून सांगेल, पण एकदा ती चर्चा सुरू झाली की कितीतरी सोसायट्या दुरुस्तीवर पैसा घालणं बंद करतात आणि बिल्डरचं रखडलं की गळकी टाकी, फुटके ड्रेनेज पाइप तसेच राहतात.

हे कागद हातात येईपर्यंत टोकन देऊ नका, एजंट 'दुसरी पार्टी तयार आहे' म्हणत असेल तरी.