षटकोन बाजूला ठेवा, आधी टेम्पो मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उद्यानाबाहेरच्या फुटपाथवर महापालिकेसाठी आठ छोटी मॉड्युलर, म्हणजे एकमेकांना जोडता येणारी, युनिटं करायची आहेत. सकाळी पेपर वाचायला बाकडं, दुपारी खाऊचं दुकान, रविवारी छोटा रंगमंच. आराखडा षटकोनी, चार फुटांच्या बाजूचा, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कशीही जोडता येतील. मटेरियल कोणतं घ्यावं?

मटेरियल शेवटी ठरेल. मी बरीच वर्षं फॅब्रिकेशनमध्ये आहे, आणि असली युनिटं गंजून मेलेली फार कमी पाहिली. मरतात ती हलवता न आल्यामुळे. म्हणून पहिला प्रश्न हा, की हे उचलणार कोण आणि नेणार कशातून? आपल्याकडे उत्तर बहुतेक वेळा 'छोटा हत्ती' असतं. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद. तुमच्या षटकोनाचं कोपरा ते कोपरा माप भरतं ८ फूट. अख्खा जाणार नाही, आणि सुटा केला तर प्रत्येक सांधा १२० अंशांचा. शिवाय प्लाय आणि पत्रा येतो आठ बाय चारचा. त्यातून षटकोनी जमीन आणि छत कापलं की उरलेले तिरके तुकडे भंगारात. फुटपाथच्या सरळ कडेला षटकोन लावलात तर मागे त्रिकोणी खाचा राहतात, आणि त्यांत महिन्याभरात काय साठतं ते सांगायला नको. चार बाय चार किंवा चार बाय सहाचा साधा चौकोन घ्या. हातगाडी उगाच त्या मापाच्या आसपास नसते.

पूर्वी एका कामात आम्ही सहा स्टॉल बोल्टचे केले होते. कागदावर सगळं सुटं. साइटवर दोन भोकं तीन मिलिमीटरनं जुळेनात. मी तिथे नव्हतो. ठेकेदाराचा वेल्डर सरळ वेल्डिंगचे टाके मारून मोकळा झाला. दीड वर्षानं रस्त्याचं काम निघालं तेव्हा ते स्टॉल गॅस कटरनं कापून न्यावे लागले. चूक वेल्डरची नव्हती, माझीच. तेव्हापासून १२ मिलिमीटरच्या बोल्टला एका बाजूला १४ चं भोक आणि दुसऱ्या बाजूला लांबट खाच ठेवतो, आणि सगळीकडे एकच बोल्ट, म्हणजे १९ चा एकच पाना खिशात असला की काम होतं.

परदेशातलं उदाहरण हवंच असेल तर स्लोव्हेनियाचे डिझायनर साशा मेख्तिग यांनी १९६६ साली आखलेला के-६७ हा फायबरग्लासचा स्टॉल बघा. लाल रंगाचा, कोपरे गोलसर. वर्तमानपत्रं, फुलं, तिकिटं, सगळं त्यातून विकलं गेलं आणि हजारोंच्या संख्येनं ते बनले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९७० मध्ये तो संग्रहात घेतला. त्याच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते. सुरुवातीचं कवच एकसंध होतं. पुढच्या आवृत्तीत त्याचे सुटे भाग केले, कारण अख्खं कवच वाहून नेणं म्हणजे पैसे देऊन हवा वाहणं.

पण खरे उस्ताद आपले मांडववाले. तेच वासे गणपतीला, तेच नवरात्रात, तेच पुढे लग्नाला. त्यांचं मॉड्यूल म्हणजे खोली नव्हे, एक काठी आणि काथ्याची एक गाठ. गाठ कुठल्याही कोनात बसते, म्हणून कुठल्याही गल्लीत मांडव बसतो. तुम्ही आठ सारख्या खोल्या आखल्यात, त्यापेक्षा एकच खांब, एकच आडवी पट्टी आणि एकच सांधा आखा. खोल्या त्यातून निघतील. रस्ता खणायचा नसेल तेव्हा हीच मंडळी वाळू भरलेल्या ड्रममध्ये वासे उभे करतात, आणि तुमच्या ड्रॉइंगमध्ये नेमका तोच भाग नाही.

म्हणजे वजन. हिशोबापुरतं तीन बाय तीन मीटरचं छप्पर घ्या. पुण्यासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद आहे. तात्पुरत्या बांधकामाची सूट धरून तो सुमारे ३० वर येतो. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे दर चौरस मीटरला ५४० न्यूटन. नऊ चौरस मीटरला जवळजवळ ४९५ किलोची उचल, म्हणजे वारा छप्पर तेवढ्या जोरानं वर ओढतो. हे ढोबळ आहे, छपराचा आकार आणि आजूबाजूच्या इमारती धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करूनच घ्या. पण वळवाच्या पावसाआधीचं वादळ ज्यानं पाहिलंय त्याला हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. चार पायांना प्रत्येकी सव्वाशे किलो हवेत. दोन फूट चौरस आणि सहा इंच जाड काँक्रीटची लादी तेवढी भरते. ती लपवू नका, तिच्यावरच बाकडं बसवा.

रोजच्या रोज रूपं बदलायची, हे मला पटत नाही. निदान पान्यानं तरी नाही. रोज बदलायचं ते बिजागरी आणि कडीवर, वर्षातून दोनदा बदलायचं ते बोल्टवर, असे सरळ दोन भाग करा. पेठेतल्या जुन्या दुकानांच्या फळ्या आठवतात? खोबणीत एकेक सरकवायच्या, क्रम चुकू नये म्हणून आकडे घातलेले. दिवसा त्यांतल्याच दोन फळ्यांवर गिऱ्हाईक बसायचं. दुकानाची पुढची बाजू आडवी पडली की रंगमंच, उभी राहिली की शटर, एवढंच पुरे. ती फळी दोन माणसांना उचलता आली पाहिजे. ३० किलोच्या वर गेली की पहिल्या महिन्यानंतर कुणी हात लावत नाही.

बाकी भराभर सांगतो. चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा इंडियन रोड्स काँग्रेसला हवी असते. तेवढी सोडल्यावर उरतं ते तुमचं, म्हणून टेप घेऊन जा, गुगलवरून मोजू नका. फुटपाथला पाणी जायला उतार असतो. पन्नासात एक धरला तरी तीन मीटरला सहा सेंटिमीटरचा फरक पडतो, तेव्हा पायांना मचाणाचे स्क्रू जॅक, म्हणजे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे पाय, लावा. छपराची पागोळी चालणाऱ्याच्या डोक्यावर पडते आहे, मागे पन्हळ द्या. आणि तिथे आज जे फेरीवाले बसतात त्यांना भेटा. २०१४ च्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी त्यांचे असतात, त्यामुळे आज ना उद्या भेट होणारच आहे.

आता मटेरियल. सांगाड्याला ५० बाय ५० चा दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, मीटरला साधारण तीन किलो. सगळी भोकं पाडून झाल्यावर गंज लागू नये म्हणून वितळलेल्या झिंकच्या टाकीत बुडवून घ्या. आधी बुडवून नंतर भोक पाडलं तर गंज तिथूनच धरतो. फायबरग्लास नको, आठ नगांसाठी साचा परवडत नाही. आधी एकच नग करा, तोही टाके न मारता, आणि पावसाळ्यातले चार महिने बाहेर उभा ठेवा.

बेस प्लेटचं, म्हणजे खांबाच्या तळच्या पट्टीचं, ड्रॉइंग झालं की इथे टाका, बघतो.