"मी फक्त डायलर आहे, मॅडम"

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बी.कॉम. झालास, सात महिने नोकरी मिळेना, मग मित्राच्या ओळखीने एका कॉल सेंटरला लागलास. रात्रपाळी, यूएस प्रोसेस, फोनवर वापरायला एक अमेरिकन नाव. पाच आठवड्यांत लक्षात आलं की आपण टॅक्स खात्याचे अधिकारी बनून अमेरिकेतल्या लोकांना अटकेची भीती घालतोय. पगारातून घरच्या कर्जाचे हप्ते जातात. तू लिहितोस, "मी फक्त कॉल लावून क्लोजरला, म्हणजे शेवटी पैसे काढून घेणाऱ्याला, देतो. पैसे मी घेत नाही. ते लोक पैसेवाले आहेत आणि बँक त्यांना भरून देते. मग माझं कितीसं चुकतंय? आणखी सहा महिने केलं तर करिअरवर परिणाम होईल का?" मावसभावालाही रेफर केलंय आणि तो सोमवारी रुजू होतोय, हे तू जाता जाता, एका ओळीत सांगितलंस.

आधी बँकेचं बघू. तुमच्याकडे पैसे गिफ्ट कार्डाने घेतात ना? माणूस दुकानातून स्वतः कार्ड विकत घेतो, त्यावरचा नंबर फोनवर वाचून दाखवतो आणि थोड्याच वेळात ते कार्ड रिकामं होतं. बँकेच्या लेखी त्याने स्वखुशीने खरेदी केलेली असते. असे पैसे परत मिळणं फार कठीण. २०२३ या एका वर्षात साठीपुढच्या लोकांनी एफबीआयकडे नोंदवलेलं फसवणुकीचं नुकसान ३.४ अब्ज डॉलरच्या वर होतं. यात सगळ्या प्रकारच्या फसवणुकी आल्या, पण त्या वयात गेलेला पैसा पुन्हा कमावता येत नाही, हे सगळ्यांनाच लागू.

आणि 'पैसेवाले' म्हणशील, तर ज्याच्याकडे सीए आणि वकील आहे तो तुझा फोन दहा सेकंदांत ठेवून देतो. लाइनवर कोण उरतं? एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि परदेशातून नुकतीच आलेली, कागदपत्रांच्या धास्तीत जगणारी माणसं. 'देशाबाहेर काढू' ही धमकी स्क्रिप्टमध्ये कुणासाठी घातली आहे, याचा विचार कर. त्यात आपल्याकडून तिकडे गेलेलेही असतात.

आता 'फक्त डायलर'. हा धंदा मुद्दामच तुकड्यातुकड्यांत वाटलेला असतो. डायलरला वाटतं, लुबाडतो तो क्लोजर. क्लोजरला वाटतं, पैसा तर मालकाचा. कार्डं वटवणारा म्हणतो, मी कुणाचा आवाजही ऐकलेला नाही. प्रत्येकाच्या वाट्याला एवढंच काम येतं की रात्री झोप लागावी. पण समोरच्याच्या पोटात पहिला गोळा येतो तो तुझ्या आवाजाने. टीम लीडरने तुझं कौतुक केलं की "तुझ्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसतो", हे तूच लिहिलं आहेस, आणि जरा अभिमानानेच. क्लोजरकडे जाईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुला कळलं नाही, ते मी तुझ्या माथी मारणार नाही. फोनवर दुसरं नाव, फ्लोअरवर मोबाइल बंदी, हे रीतसर बीपीओतही असतं. नवख्याला शंका येत नाही. पण कळल्यानंतरची प्रत्येक शिफ्ट तुझी. कर्जामुळे तुझी अडचण खरी ठरते, समोरच्याचं घाबरणं त्यामुळे खोटं ठरत नाही. घरी तू 'बँकेच्या प्रोसेसमध्ये आहे' असं सांगितलंस, म्हणजे मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुला आधीच ठाऊक होतं.

करिअरचं म्हणशील तर ऑक्टोबर २०१६ आठव. मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी रात्री छापे घातले. हीच अमेरिकन टॅक्सची स्क्रिप्ट. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं, त्यातल्या ७० जणांना अटक झाली. बहुतेक तुझ्याच वयाचे. छाप्याच्या रात्री डायलर कोण, क्लोजर कोण, हे दारात कुणी विचारत नाही. त्याच महिन्यात अमेरिकेने अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या प्रकरणात खटला जाहीर केला आणि २०१८ मध्ये तिथे २१ जणांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत. आपल्याकडे आयटी कायद्याचं कलम ६६डी, म्हणजे संगणक किंवा फोन वापरून तोतयेगिरीने फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीसाठी, सात वर्षांपर्यंत. सहा महिन्यांच्या पगारासमोर हे मांडून बघ.

तेव्हा उद्यापासून जाऊ नकोस. 'महिना भरला की सोडतो' हा विचार सोड, थकलेला पगार बुडाला तर बुडू दे. निघताना लीडची, म्हणजे फोन करायच्या लोकांची, यादी किंवा कुणाचे नंबर सोबत घेऊ नकोस, आणि स्वतःच्या मोबाइलमधले मेसेज पुसूही नकोस. पोलिसांकडे किंवा १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर जाण्याआधी वकिलाशी बोल. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचार, पात्र असशील तर मोफत वकील मिळतो. मूळ मार्कशीट त्यांनी ठेवून घेतली असेल, तर तेही वकिलाला सांग. ती सोडवायला एकटा परत जाऊ नकोस.

बायोडेटात हे पाच आठवडे घालू नकोस, त्या जागी खोटी कंपनीही लिहू नकोस. एवढ्याशा खंडाबद्दल फ्रेशरला सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर, "एका ठिकाणी लागलो होतो, काम सरळ वाटलं नाही म्हणून सोडलं," एवढं पुरे. इंग्रजी बोलणं, रात्रपाळीची सवय, चिडलेल्या माणसाशी शांत राहणं, हे तुझ्याकडे आहे आणि ते खऱ्या कस्टमर सपोर्टला लागतं. फक्त या वेळी नेमणूकपत्र, पगार बँकेत, पीएफचा नंबर आणि क्लायंटचं नाव, हे रुजू होण्याआधी विचार. जो टाळाटाळ करेल त्याला नमस्कार.

थायलंडमध्ये 'डेटा एंट्री'ची ऑफर आली तर दुप्पट सावध राहा. कॉल सेंटरचा अनुभव असलेली मुलं एजंटांना हवीच असतात, आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन पासपोर्ट काढून घेतात. मार्च २०२५ मध्ये अशी शेकडो भारतीय मुलं हवाई दलाच्या विमानांनी परत आणावी लागली.

घरच्यांना काय सांगायचं, कर्जाचा हप्ता बँकेकडून पुढे ढकलून मिळतो का, हे सावकाश बोलू, हवं तर पुन्हा लिही. मावसभावाला मात्र आजच फोन कर. सोमवारला चारच दिवस आहेत, आणि तो तुझ्या शब्दावर तिथे चाललाय.

तुझी,
मार्गदर्शक मॅडम