शाळेत ख्रिस्ती आणि ज्यू धर्मांचा अभ्यास

प्रश्न : इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या आमच्या मुलीला जीसीएसईसाठी (तिथल्या साधारण सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेसाठी) ख्रिस्ती आणि ज्यू धर्मांच्या श्रद्धा व नीतिविचार अभ्यासायचे आहेत. यात धर्मोपदेश तर नसतो ना?

उत्तर : नाही. २०१६ पासून शिकवल्या जाणाऱ्या या अभ्यासक्रमात दोन धर्म अभ्यासावे लागतात आणि परीक्षेत श्रद्धा नव्हे, तर समज व युक्तिवाद तपासला जातो. देव एकच, हे दोन्ही धर्म मानतात. मात्र येशूला ख्रिस्ती लोक मसीहा मानतात, ज्यू मानत नाहीत. गर्भपात किंवा युद्ध यांसारख्या प्रश्नांवर तर एकाच धर्मातही एकमत नसते, आणि हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तेथे स्वतःला न पटणारी बाजूही प्रामाणिकपणे मांडावी लागते. तरीही नको वाटल्यास मुलीला धर्मशिक्षणाच्या तासातून वगळून घेण्याचा पालकांना कायदेशीर हक्क आहे.