नागपुरात कुंडीत कळलावी लावावी का? घरात लहान मूल आहे

पेंचच्या जंगलाकडे पावसाळ्यात झुडपांवर चढलेली कळलावीची वेल पाहिली, तीच आता गच्चीत हवी, पण मूल तीन वर्षांचं आहे, असा तुमचा प्रश्न. आपल्याकडच्या हवेत ती छान येते. तरी ती विषारी आहे, तुमच्या जागी मी असतो तर मूल कळतं होईपर्यंत थांबलो असतो.

थांबवत नसेल तर एक ध्यानात ठेवा. लोक फुलाला भितात. कोल्चिसीन हे विष झाडभर असतं खरं, पण सगळ्यात जहाल कंद आणि बिया. आणि घात होतो तो फुलं नसताना! दिवाळीच्या सुमारास वेल पिवळी पडून वाळते, उन्हाळाभर कुंडी रिकामीच दिसते. मग कुणीतरी कोथिंबीर टाकायला माती उकरतं आणि हाती रताळ्यासारखा कंद लागतो. म्हणून कुंडीवरच ऑइलपेंटने ठसठशीत 'विष' लिहा. कागदी चिठ्ठी एका पावसात जाते. कंद हातमोजे घालून हाताळा, स्वयंपाकघरात आणूच नका. शेंगा हिरव्या असतानाच खुडा. तडकल्या की आतल्या लालभडक बियांकडे पोरांचा हात जाणारच.

कंद नर्सरीतून घ्या. जंगलातली औषधासाठी खणून खणून आधीच कमी झाली आहे. कंद व्ही अक्षरासारखा असतो आणि कोंब त्याच्या टोकालाच फुटतो, टोक मोडलं की तो तुकडा वाया. मृगाच्या आधी दोन इंच खोल, आडवा ठेवा. नुसती काळी माती घेऊ नका, पाणी धरते नि कंद सडतो. मुरूम, रेती आणि थोडं शेणखत मिसळा. ही वेल पानांच्या टोकांनीच विळखा घालते, तिला जाड बांबू धरवत नाही, सुतळी किंवा बारीक काटक्या द्या. फूल आधी हिरवट-पिवळं, मग पाकळ्या मागे वळत वळत लाल होतात. वेल वाळली की पाणी बंद.

कुणी यातलं काही चावलंच तर उलटीची वाट पाहू नका. लक्षणं काही तासांनी दिसतात, तोवर मूल मजेत खेळत असतं. मीठ-पाणी पाजत बसू नका. वेलीचा तुकडा पिशवीत घ्या आणि तडक मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा.