सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात विंडोजला १६९.२५४ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा नंबर) मिळतो, त्याच स्विचवरच्या उबुंटूला मात्र नीट, असं का?
१६९.२५४ हा पत्ता राउटरने दिलेला नाही. डीएचसीपीचं, म्हणजे राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सोयीचं, उत्तर आलं नाही की विंडोज आणि मॅक तो स्वतःच घेतात. लिनक्स (उबुंटू त्यातलंच) बहुधा नुसतं ‘कनेक्टिंग’ दाखवत बसतं.

तुमचं ऑफिस एमआयडीसीत आहे म्हणता, म्हणजे शिफ्टमध्ये माणसं येत-जात असतील, तर आधी राउटर कुठल्या नंबरापासून कुठपर्यंत पत्ते वाटतो ती रेंज बघा. १०० ते १४९ असेल तर पत्ते ५०च. शिफ्ट बदलताना सगळ्यांचे मोबाइल वायफायला जोडले गेले की संपले! उबुंटू जुन्या लीजवर, म्हणजे आधीच ठरावीक वेळासाठी मिळालेल्या पत्त्यावर, चालत असेल. रेंज वाढवा, लीजचा वेळ कमी करा. मगच विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ या कमांडला आधी ‘रिलीज’, मग ‘रिन्यू’ द्या. रेंजमध्ये जागा असूनही अडलं, तर ‘डीएचसीपी क्लायंट’ ही सर्व्हिस चालू आहे का पाहा. हाताने स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पत्ता टाकून वेळ मारून नेऊ नका, तो दुसऱ्या मशीनच्या पत्त्याशी भिडू शकतो.