वडाचं खोड जाड करायचं तर आधी ट्रे सोडा

ताई, तुम्ही लिहिलंय की अमळनेरला गच्चीवर 3 वर्षांपासून बोन्साय ट्रेमध्ये वड आहे, दर महिन्याला शेंडे खुडता, खत वेळेवर देता, तरी खोड पेन्सिलीएवढंच. तुमचं खतपाणी चुकत नाहीये. उथळ ट्रे आणि दर महिन्याची कात्री, दोन्ही झाड लहान ठेवण्यासाठीच असतात. खोड जाड करायचं काम त्याच्या आधीचं.

सालीखालच्या पातळ थरातून खोडाचं लाकूड वाढतं आणि त्या थराला अन्न पुरवतात पानं. म्हणून निदान 3-4 पावसाळे झाडाला मोकळं वाढू द्या. गावाकडे वावर असेल तर फारच छान. बांधालगत थोडा उंचवटा करून लावा, कारण आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते. मुळांखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. मुळं सरळ खाली न जाता चहूबाजूंनी पसरतात, बुंधा रुंदावतो. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, बारीक मुळं तुटतात. मी केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर अंथरतो. वावर नसेल तर गच्चीवर मोठी ग्रो बॅग चालेल, फक्त वेळ जास्त लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बुंध्याजवळची, मागच्या बाजूची एक फांदी राखा आणि तिला कात्री लावूच नका. ती शेवटी कापायचीच असते, पण तोवर तिच्या जोडापासून खालचा भाग ती भरत राहते. वरच्या भागाला तिचा उपयोग नाही, म्हणून ती खालचीच हवी. माझ्या पहिल्या वडाची अशी फांदी मी दुसऱ्याच वर्षी कापली, आणि पुढची दोन वर्षं बुंध्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. दुसऱ्या वडाची 4 पावसाळे ठेवली. ती अंगठ्याहून जाड झाली, बुंधा मनगटाएवढा. कापल्यावर कडेची साल हळूहळू आत सरकत आली आणि आता जागेवर रुपयाएवढा वण उरलाय.

मनासारखी जाडी आली की जूनअखेर, पाऊस धरल्यावर, खोड हव्या त्या उंचीवर तिरकं कापा. चीक भरपूर येतो. ओल्या फडक्यानं टिपा, वाळल्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लावा. खाली डोळे फुटतील, त्यातला एक नवा शेंडा म्हणून ठेवा. तो जाड झाला की त्यालाही तसंच कापा. अशानं खोड वर निमुळतं होत जातं. एकाच जाडीचं खोड खुंटीसारखं दिसतं, मला तरी ते आवडत नाही.

चिंचेला हेच सगळं, पण ती फार सावकाश भरते.

जमिनीतून काढताना वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाल्यावरच काढा. चिखलात ओढलं तर तंतुमुळं मातीबरोबर निघून येतात. आणि मातीलगतच्या बुंध्याचा जवळून फोटो टाका, मुळं कुठून निघालीत ते पाहून कोणती फांदी राखायची ते सांगतो.